अकरा ओळींसाठी आभार

प्रिय ताई,

तुम्ही ती फाईल परत पाठवलीत त्याला महिना होत आला. अजूनही ती उघडली की गळा दाटून येतो.

आर ही आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला लागून मला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. कॉलममधली प्रत्येक नोंद मध्यकापासून सरासरी किती लांब आहे, एवढंच काढायचं होतं. दशांश कमी करणाऱ्या राउंड फंक्शनच्या पोटात सरासरी काढणारं मीन, मीनच्या पोटात वजा चिन्ह काढून टाकणारं अ‍ॅब्ज, त्याच्या पोटात मध्यक काढणारं मीडियन. सगळं एका ओळीत आणि शेवटी कंसांची रांग. रिकाम्या नोंदी वगळायला एनए.आरएम ट्रू दिलेलं होतं, तरी उत्तर दर वेळी नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. आधी ज्यांना विचारलं, त्यांतल्या एकाने ओळ न वाचताच सांगितलं, "डेटा खराब आहे, साफ कर." चार दिवस साफ करत बसले. दुसरे म्हणाले, "एवढं साधं जमत नसेल तर..." आणि वळून निघून गेले. ते अर्धं वाक्य अजून सलतं.

तुम्ही एक अक्षरही बदललं नाहीत. फक्त ओळ मोडलीत. कंस उघडला की नवी ओळ, आतला मजकूर दोन जागा आत, मिटणारा कंस ज्याचा त्याच्या फंक्शनखाली. एका ओळीच्या अकरा ओळी झाल्या. कॉलमच्या नावातलं माझं चुकलेलं स्पेलिंगसुद्धा जसंच्या तसं! खाली तीन शब्द होते: "आता वाचून बघ."

वाचलं. एनए.आरएम मीनच्या कंसात होतं. मीडियनच्या कंसात कॉलम एकटाच. म्हणजे रिकाम्या नोंदींमुळे मीडियनच एनए, म्हणजे रिकामा, येत होता, तो वजा केल्यावर सगळ्याच नोंदी एनए होत होत्या, आणि त्या वगळल्यावर मीनच्या हाती काहीच उरत नव्हतं. तुम्हाला हे पहिल्या नजरेतच दिसलं असणार. दुरुस्त करून पाठवलं असतंत तरी मी आभारच मानले असते. पण ती चूक माझी मला सापडावी म्हणून तुम्ही थांबलात, आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मला वाटलं की हे मला जमेल.

आर ४.१.० पासून, म्हणजे २०२१ पासून, भाषेतच पाइप, म्हणजे एका पायरीचं उत्तर पुढच्या फंक्शनला देणारं चिन्ह, आहे. तो वापरला की पायऱ्या घडतात त्याच क्रमाने लिहिता येतात. तरी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले, एकात एक गुंतलेले कॉल वाचावेच लागतात, आणि ते आतून बाहेर वाचायचे असतात. गेल्या आठवड्यात डू.कॉलने, म्हणजे दुसरं फंक्शन चालवणाऱ्या फंक्शनने, एलएम हे रेषीय मॉडेलचं फंक्शन चालवलं, तर निकालात 'कॉल'खाली एलएमचा सगळा कोड आणि अख्खा डेटा छापून आला. पानंच्या पानं. पूर्वी मी लॅपटॉप मिटला असता. या वेळी फंक्शनचं नाव अवतरणचिन्हांत दिलं, डेटाचं नाव कोट या फंक्शनमध्ये घातलं, आणि कॉल एका ओळीत मावला.

हुशार माणसं मला बरीच भेटली आहेत. दुसऱ्याचं लिहिलेलं इतक्या आदराने हाताळणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. चुकलेल्या माणसाला छोटं न करता मदत करणं किती अवघड असतं, हे आता कुणी मला काही विचारलं की कळतं. हात लगेच दुरुस्तीकडेच धावतो.

ती फाईल जपून ठेवली आहे, ताई. त्यातलं स्पेलिंग मी अजून सुधारलेलं नाही.

तुमची ऋणी,
एक शिकाऊ