बंड्या, खालचे जॅक हलवू नकोस

पुणे, मंगळवार रात्र

प्रिय बंड्या,

दुपारी फोन कट केला त्याबद्दल सॉरी, क्लायंट समोर बसला होता आणि तू नेमकं तेव्हाच विचारलंस, की स्लॅबखाली साचा आणि टेकू लावणारा सेंट्रिंगवाला म्हणतोय, गुरुवारी स्लॅब भरून सात दिवस होतात, साच्याच्या प्लेटा काढून दुसऱ्या साईटवर नेतो, चालेल ना. वर परत म्हणालास की मालकाची नवी गाडी पार्किंगात वळत नाही, तर कोपऱ्यातल्या कॉलमचा एक कोना चार इंच तासून देऊ का. मी "नको" एवढंच बोललो आणि तू हसलास, "तू लेका कायम घाबरट." बरोबर आहे, घाबरट आहे. पण का आहे ते फोनवर सांगता येत नाही, म्हणून हे लिहितोय, आता कितीही लांबलं तरी वाच.

आधी गुरुवारचं. आयएस 456, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय नियमावलीतलं ते टेबल कराडला कॉलेजात असताना आपण पाठ केलं होतं, आता तू विसरलायस आणि सेंट्रिंगवाल्याने त्यातलं फक्त "सात दिवस" लक्षात ठेवलंय. स्लॅबचा स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर खालचे टेकू सात दिवसांनी, त्यापेक्षा मोठा असेल तर 14 दिवसांनी. बीम सहा मीटरपर्यंत 14 आणि त्याच्या पुढे 21. तुझ्या पार्किंगचे बीम साडेसहाचे आहेत, तूच सांगितलंस, म्हणजे 21. आणि हे सगळे आकडे ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटचे, तेही पाणी नीट मारलं असेल तर, तू वापरलंयस राख मिसळलेलं पीपीसी, ते सावकाश ताकद धरतं. खरं तर दिवस मोजण्यापेक्षा त्याच काँक्रीटचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, फोडून बघायचे असतात. भरलेस का क्यूब? भरले असशील तर ते पाण्याच्या टाकीत आहेत की वॉचमनच्या खोलीबाहेर उन्हात, ते आधी बघ.

अजून एक, पहिल्या स्लॅबवर टेकू लावून तू दुसरा भरणार. पाच इंची स्लॅबच्या ओल्या मालाचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं, शिवाय प्लेटा, माणसं, पंपाचा पाईप. आणि राहत्या घराचा स्लॅब आपण माणसं-सामानाला धरतो किती, दोनशे किलो. म्हणजे इमारतीच्या आख्ख्या आयुष्यात त्या स्लॅबवर येईल त्यापेक्षा जास्त वजन त्याच्यावर तो महिन्याभराचा नसतानाच येतं, फरशीचं धरलेलं वजन सोडून दे हवं तर, तरी हिशोब फारसा बदलत नाही. म्हणून वरचा भरताना खालचे जॅक, म्हणजे ते टेकू, ठेवायचे. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा हव्यात कारण त्याचं भाडं बुडतंय. त्याचंही चूक नाही, त्याला त्या जादा दिवसांचे पैसे देऊन टाक, माझ्याकडून घे हवे तर.

आता मी घाबरट कसा झालो ते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती, पुण्यातलीच एक साईट, नाव राहू दे. एंट्रन्स लॉबी डबल हाईटची, त्यामुळे जॅकवर जॅक चढवून उंची गाठलेली. आदल्या रात्री पाऊस. सकाळी आठला साईट ऑफिसात चहा पीत बसलो होतो, फोरमन पोअर कार्ड, म्हणजे काँक्रीट टाकण्याआधीचा तपासणीचा कागद, घेऊन आला, स्टील तपासलं, सळईखालचे कव्हर ब्लॉक आहेत, सपोर्ट तपासले, सगळ्यावर टिका मारून आणलेलं. स्टील मी आदल्या दिवशी वर चढून बघितलं होतं, सळयांभोवतीच्या रिंगांचं अंतर टेप लावून मोजलं होतं, त्यामुळे एकदम भारी वाटत होतं स्वतःबद्दल. खाली मात्र उतरलो नव्हतो, चिखल होता आणि बूट नवे होते. केली सही.

अडीच वाजता सुताराचा पोरगा धावत वर आला, म्हणाला साहेब खाली या जरा. गेलो. एका बाजूच्या पाच-सहा जॅकखाली फळी नव्हती, अर्धी अर्धी वीट होती, आणि वीट भरावाच्या ओल्या मुरमात रुतत चाललेली. जॅकच्या तळपट्टीभोवती पाणी वर येत होतं, आपण ओल्या वाळूत पाय दिला की कडेने पाणी येतं ना, अगदी तसं. वर काँक्रीट बसवणारा व्हायब्रेटर चालू, त्याची थरथर जॅकमधून हाताला लागत होती. फोरमन म्हणाला, "काय होत नाय साहेब, बसायचं तेवढं बसलं आता." मी वर बघितलं तर साच्याचा प्लाय खाली फुगलेला दिसत होता.

ओरडून काम बंद करायला लावलं, वरची चौदा माणसं उतरवली, खालच्यांना बाहेर काढलं. बाहेर दोन मिक्सर उभे, माल सेट व्हायला लागलेला, ठेकेदार माझ्या आईबापांचा उद्धार करत होता. मग शेजारच्या न भरलेल्या बाजूने, जिथे वर वजन नव्हतं तिथून, फळ्या टाकत टाकत जादा जॅक लावत आत आलो, तोवर संध्याकाळ. पडलं नाही काही. पण तिथला स्लॅब इंचभर खाली बसला तो बसलाच, पुढे प्लास्टर जाड मारून लेव्हल दाखवली. आजही त्या लॉबीत गेलास आणि ट्यूबलाईटच्या रेषेत बघितलंस तर कळतं. मी दोनदा जाऊन बघून आलोय.

पुढे 2016 ला बालेवाडीत एका टॉवरच्या वरच्या मजल्यावर स्लॅब भरताना तो कोसळला, 9 कामगार गेले. ती बातमी वाचली तेव्हा मला त्या चौदा जणांचे चेहरे आठवेनात, फक्त आकडा आठवत होता, आणि त्याची जास्त लाज वाटली. नावंसुद्धा विचारली नव्हती मी त्यांची.

म्हणून मला विचारशील तर बिल्डिंग पडते ती सिमेंट कमी होतं म्हणून असं लोक म्हणतात ते अर्धंच खरं. सिमेंट खाणारे आहेतच, 2013 ला ठाण्याजवळ शिळफाट्याला इमारत कोसळली, 74 माणसं गेली, काही महिन्यांत उभे केलेले बेकायदा मजले, त्याला काय इंजिनिअरिंग म्हणायचं, तो गुन्हाच. पण तुझ्यामाझ्यासारखी, चोर नसलेली माणसं जिथे फसतात ती जागा वेगळी. आपण न बघितलेल्या गोष्टीवर आपली सही असते, तिथे.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं हॉटेल आठवतंय का, हयात रिजन्सी? सरांनी एका तासात गुंडाळलं होतं ते. मी नंतर नीट वाचलं, कारण त्यात मला माझं पोअर कार्ड दिसत होतं. लॉबीत वरून लोखंडी रॉडनी टांगलेले पूल, चौथ्या मजल्याचा पूल आणि बरोबर त्याच्या खाली दुसऱ्या मजल्याचा. डिझाइनमध्ये एकच लांब रॉड छतापासून दोन्ही पुलांमधून खाली गेलेला. पण चौथ्या मजल्याच्या पुलाचा नट वर चढवायचा तर खालच्या आख्ख्या रॉडला आटे पाडायला लागणार, ते आटे बसवताना खराब होणार, कटकट. म्हणून फॅब्रिकेशनच्या वेळी बदललं, छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत एक रॉड, आणि चौथ्या मजल्याच्या बीमपासून खाली दुसरा. बघायला तेच, लोखंड तेवढंच, उलट काम सोपं.

आता बघ हां. लहानपणी विहिरीवर दोराला लटकायचो आपण, दोघं एकाच दोराला, मी वर तू खाली. तेव्हा माझ्या मुठीला माझंच वजन. पण तू दोर सोडून माझे पाय धरलेस तर? दोरावर वजन तेवढंच आहे रे, पण माझी मूठ आता दोघांना धरून आहे. चौथ्या मजल्याच्या बीमखालचा नट म्हणजे ती मूठ. भार सरळ दुप्पट. आणि तो बीम तरी कसा, दोन चॅनल, म्हणजे C आकाराचे लोखंडी तुकडे, तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेले आणि भोक नेमकं त्या वेल्डातूनच. चौकशीत निघालं की मूळ डिझाइनसुद्धा तिथल्या नियमाच्या साधारण 60 टक्केच ताकदीचं होतं, बदलल्यावर राहिलं 30 च्या आसपास. 17 जुलै 1981, संध्याकाळी लॉबीत नाचगाण्याचा कार्यक्रम, नट बीममधून आरपार ओढला गेला, वरचा पूल खालच्यावर आणि दोन्ही माणसांवर. 114 गेली.

आणि त्या बदललेल्या ड्रॉइंगवर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसचा शिक्का होता. आधी फोनवर बोलणं झालं होतं की नाही यावर दोन्ही बाजू वेगवेगळं सांगत राहिल्या. फोनवर, बंड्या. तुझ्यामाझ्या आजच्या फोनसारखंच काहीतरी, "बदलतोय बरं का", "हां हां". इंजिनिअरांची मिसुरीतली लायसन्स गेली. त्याहून मला लागलं ते हे की 1979 ला, काम चालू असतानाच, त्याच लॉबीच्या छताचा एक भाग कोसळला होता. एवढी मोठी सूचना मिळून गेली आणि तरीही तो जॉइंट गणिताने कुणी सोडवलाच नाही. तू पेन घेतलास तर दहा मिनिटांत होईल.

आता तुझ्या कॉलमचा कोना. नऊ बाय अठराचा कॉलम, कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट, 40 एमएम, दीड इंच, पुढे लगेच रिंग आणि रिंगेच्या कोपऱ्यात मेन सळई. चार इंच तासलंस की कोपऱ्यातली सळई उघडी पडणार आणि जमिनीपासून गाडीच्या आरशापर्यंत जेवढं तासशील तेवढ्या सगळ्या रिंगा कापल्या जाणार. रिंगच गेली तर सळई बाहेरच्या बाजूला वाकायला मोकळी. त्यातून पार्किंगचा मजला, भिंती नाहीत, आधीच सगळ्यात कमकुवत, 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत अशाच खाली मोकळं पार्किंग असलेल्या कितीतरी बिल्डिंगा बसल्या. आणि घाटकोपरचं तर तुला माहितीच आहे, 25 जुलै 2017, तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं, खांबांना हात लावल्याचा आरोप झाला, वरचे मजले खाली, 17 माणसं. मालकाला सांग गाडी रिव्हर्स घेऊन लावा. फारच ऐकत नसेल तर तुझ्या डिझायनरला लेखी विचार, तो लेखी हो म्हणणार नाही, आणि मग तो कागद मालकाला दाखव. वाईटपणा त्याच्यावर जाऊ दे, त्याची फी त्याचसाठी असते.

बाकी लहानसहान गोष्टी, जशा आठवतील तशा. बाल्कनीचं स्टील वरच्या बाजूला असतं, आणि माल टाकताना सगळे नेमके त्याच्यावरूनच चालतात, सळई दाबून खाली जाते आणि बाल्कनी नुसत्या काँक्रीटवर लटकते. सळई वर उचलून धरणारी चेअर लाव आणि चालायला फळी टाक, आणि भरताना तिथे स्वतः उभा राहा, जेवायला नंतर जा. पाईपांसाठी सोडलेल्या डक्टमध्ये स्लॅबची सळई सलग सोडून दे, पाईप टाकायच्या वेळी काप, तोवर माणूस पडला तरी जाळीवर अडकेल, यात एक पैसा जास्त लागत नाही. लिफ्टच्या खड्ड्याला नुसती सुतळी बांधतात ती मला बघवत नाही. टेरेसच्या बीममध्ये सेफ्टी बेल्ट अडकवायला हुक आत्ताच भरून ठेव, नाहीतर बेल्ट दिलास तरी तो बिचारा अडकवणार कशाला, विटेला? आमच्याकडे आता ड्रॉइंगमध्येच हे हुक दाखवतो, कारण ड्रॉइंगमध्ये नसलेली गोष्ट साईटवर कुणाच्याच बापाची नसते.

आणि तुझे कामगार राहतात कुठे? मागच्या वेळी आलो तेव्हा शेजारच्या कंपाउंड वॉलला टेकून पत्रे लावलेले बघितले मी. ती भिंत कुणी डिझाइन केलीय माहिती नाही, मागे माती किती आहे माहिती नाही, पाणी जायला भोकं दिसली नाहीत. जून 2019 ला कोंढव्यात रात्रीच्या पावसात अशीच भिंत पत्र्यांच्या खोल्यांवर पडली, 15 माणसं, बरीचशी बिहारहून आलेली, पोरंबाळंसुद्धा. पाऊस लागायच्या आत पत्रे तिथून हलव. सगळ्यात आधी हेच कर, कॉलमच्याही आधी.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. जुने बूट घालून येतो, खाली उतरून बघणार. सेंट्रिंगवाल्याला थांबवून ठेव, त्याच्याशी भाड्याचं मीच बोलतो, आणि त्याला माझं नाव सांगू नकोस, नुसतं "पुण्याचा एक घाबरट साहेब येतोय" म्हण. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना सांग की यावेळी जेवूनच जाणार. क्यूब सापडले का ते उद्या कळव.

तुझाच,
पक्या