लीड्सहून पत्र: रायटरची काळजी करू नका

लीड्स, ८ मार्च

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार. आजीलाही नमस्कार सांगा. मनूला पापा.

मी अगदी मजेत आहे. जेवण, थंडी, खोली हे फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. पण आई, फोनवर तू "बरं, बरं" म्हणतेस आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारतेस, की मला दिसत नाही, तर परीक्षेत मी सांगितलेली उत्तरं लिहून घेणारा रायटर तिथे मिळतो का, म्हणून या वेळी नीट लिहून काढलंय. मनूने आजीलाही वाचून दाखवावं.

आधी रायटरचं. मला इथे परीक्षेला रायटर लागतच नाही. वेगळ्या खोलीत संगणक असतो, स्क्रीन रीडर प्रश्न कानात वाचतो आणि उत्तर मी माझ्या हाताने टाईप करते. झेवियर्स कॉलेजच्या अंधांसाठीच्या सेंटरमध्ये जे शिकले तेच इथे कामाला येतंय, म्हणजे मुंबईला घातलेली ती सुट्टी वाया गेली नाही. बाबा विचारतील, वेळ किती जास्त? पंचवीस टक्के, म्हणजे तासाला पंधरा मिनिटं. आपल्याकडे वीस मिळायची हे मला पाठ आहे, बाबा. पण बारावीला त्यातली कितीतरी मिनिटं शब्दांची स्पेलिंगं सांगण्यातच गेली होती. शिवाय इथे प्रत्येकाची गरज बघून ठरवतात. आकृत्यांच्या पेपरला मला त्याहून जास्त वेळ मंजूर झाला आहे.

या सगळ्याचे पैसे कोण भरतं, हे काकांनी विचारलं होतं. इथल्या मुलांना सरकारकडून वेगळा भत्ता मिळतो, तो बाहेरून आलेल्यांना नाही. पण इथे २०१० चा समानतेचा कायदा आहे. त्याप्रमाणे विद्यापीठाला सोय करून द्यावीच लागते आणि तिचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी मारता येत नाही. त्यामुळे फीमध्ये मागाहून काही वाढेल, ही भीती मनातून काढून टाका.

पुस्तकांचं मात्र झगडूनच होतं. स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसता फोटो, त्यावर स्क्रीन रीडर गप्प बसतो. ग्रंथालयातली माणसं ते वाचता येईल असं करून देतात, पण त्याला दिवस लागतात, म्हणून वाचनाची यादी आधी हातात हवी. एका विषयाची यादी नेहमी उशिरा येते, त्यासाठी मी चिकाटीने मेल लिहीत असते. बाबा, तुम्हाला अभिमान वाटेल असं एक सांगते. अशी पुस्तकं एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता यावीत म्हणून २०१३ साली मराकेशला करार झाला, त्याला सगळ्यांत आधी मान्यता दिली ती भारताने, २०१४ मध्ये.

आणि आलेख! इथे एक खास कागद असतो. त्यावर काळ्या शाईत आकृती छापायची, कागद यंत्रातून गरम करून काढायचा, की काळी रेघ फुगून वर येते. मागणीचा वक्र, पुरवठ्याचा वक्र, दोन्ही बोटाला लागतात. पहिल्यांदा हात फिरवला तेव्हा तुम्ही पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने लोकरीचे धागे चिकटवून केलेले आलेख आठवले. यंत्राचे छान असतात, पण मला अर्थशास्त्र कळलं ते तुमच्या धाग्यांवर.

आता आत्याचा प्रश्न, "तिथली माणसं मदत करतात का गं?" करतात, पण त्यांची रीत वेगळी आहे, ती समजावून सांगते. आपल्याकडे रस्त्यात माझ्यासारखं कोणी दिसलं की सरळ दंड धरतात आणि "चला ताई" म्हणून ओढत नेतात. इथे माणूस थोडा लांब थांबतो आणि मदत हवी का म्हणून विचारतो. मी "नको" म्हटलं की खरंच निघून जातो. आग्रह नाही, "असं कसं" नाही. "हो" म्हटलं तरी मला धरत नाही, स्वतःचा हात पुढे करतो. मी त्याच्या कोपराच्या वर धरायचं आणि तो अर्धं पाऊल पुढे चालतो, म्हणजे पायरी आली, वळण आलं की त्याच्या हातावरूनच मला कळतं. सुरुवातीला ही माणसं फार कोरडी वाटली होती. आता वाटतं, किती बरं हे, माझी चाल माझ्याकडेच राहते. रस्त्याचंही सांगते. सिग्नलच्या खांबावरच्या डब्याखाली छोटा शंकू असतो, चालायची वेळ झाली की तो बोटाखाली फिरायला लागतो. गर्दीचा रस्ताही मी एकटी ओलांडते. आईने कृपया आता रडू नये.

पैशांचं. ग्रंथालयाच्या वेबसाइटवरची पानं स्क्रीन रीडरवर चालतात का ते तपासायचं काम मला मिळालं आहे. व्हिसाच्या नियमात बसतं, आठवड्याला वीस तासांच्या आतलं आहे. त्यातून वीस हजार पाठवले आहेत. बाबा, ते कर्जाच्या हप्त्यात टाकू नका आणि बस्त्यालाही वापरू नका. ते मनूच्या एम.कॉम.च्या फीसाठी आहेत. माझी पुस्तकं रेकॉर्ड करता करता तिचा स्वतःचा अभ्यास रात्री अकरानंतर सुरू व्हायचा. बारावीला तिचे गुण कशामुळे कमी पडले ते घरात कोणी बोललं नाही, पण मला माहीत आहे.

मे महिन्यात मनूचा साखरपुडा ठरला तर मला येता येणार नाही, परीक्षा त्याच वेळी आहेत. हे लिहिताना फार जड जातंय. पण मी नाही म्हणून तारीख पुढे ढकलू नका.

आणि मुलाकडच्या सोलापूरच्या मंडळींनी माझ्या डोळ्यांबद्दल विचारलं ते मला मावशीकडून कळलं. तुम्ही लपवलंत, मला वाईट वाटेल म्हणून. आई, खरं तेच सांगा. मी सातव्या महिन्यात जन्मले, पेटीत होते, त्यात डोळ्यांतला पडदा गेला, हे घराण्यातलं नाही. डॉक्टरांचे कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात, निळ्या फाइलमध्ये आहेत, हवे तर दाखवा. मात्र "थोरली बाहेर असते" एवढंच सांगून मला बाजूला ठेवू नका. कागद बघूनही ज्यांना अडचण वाटेल त्यांच्या घरी आपली मनू जायलाच नको.

मनू, त्या मुलाचा नंबर पाठव. रविवारी मी स्वतःच त्याच्याशी बोलते.

तुमची,
अमू