गिझर त्या दिवशी न बसवल्याबद्दल आभार

नमस्कार दादा,

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं 'दादा'. पत्र मात्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. ज्या गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचे आहेत, ती आणखी कितीतरी घरांत बघायची राहून गेलेली असणार. गिझर नीट बसवून दिलात त्याचे आभार आहेतच. पण वसुबारसेच्या संध्याकाळी नवा गिझर खोक्यातून काढून ठेवलेला असताना, दोन दिवसांवर पहिली अंघोळ आलेली असताना, घरातले आम्ही सगळे मागे लागलेले असताना, "आज हा भिंतीवर चढणार नाही" असं तुम्ही म्हणालात, त्याचे आभार जास्त आहेत.

आमचा जुना गिझर २५ लिटरचा. पावसाळ्यापासूनच खालच्या झाकणातून थेंब पडत होते आणि टाइल्सवर तांबूस ओघळ उतरला होता. तुमच्याआधी एक जण येऊन गेले होते. त्यांनी खालची टोपीही न उघडता सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, पैसे घेतले आणि "थोडं गळतंच, नॉर्मल आहे" म्हणून गेले. गळणं थांबलं नाही ते नाहीच.

तुम्ही आल्यावर आधी मेन स्विच पाडलात, मग टेस्टर लावून बघितलंत आणि मगच स्टुलावर चढलात. खालची टोपी काढून मोबाइलच्या उजेडात मलाही दाखवलंत. पाणी तापलं की फुगतं, २५ लिटरच्या टाकीत ते एक-दीड पेलाभर वाढतं, तेवढं व्हॉल्व्हातून ठिबकलं तर काळजी नाही. पण ते पाणी स्वच्छ असतं आणि गिझर तापत असतानाच येतं. आमच्याकडचं पाणी गंजाच्या रंगाचं होतं, गिझर बंद असतानाही येत होतं, आणि टाकीच्या जोडापासून निघून थेट थर्मोस्टॅटच्या वायरींवरून खाली उतरत होतं. "ही टाकी गेली, काकू. आजपासून याचं बटण दाबायचं नाही," एवढंच तुम्ही म्हणालात. इतके महिने घरातलं कुणी ना कुणी रोज त्याच्याखाली उभं राहून अंघोळ करत होतं, हे तेव्हा लक्षात आलं आणि पाय लटपटले.

अण्णांनी विचारलं, वेल्डिंग करून चालेल का? माझ्या सासऱ्यांची हयात कारखान्यात गेली आहे, त्यांना वस्तू टाकून द्यायला आवडत नाही. 'आजोबा, आता नाही मिळत तसं' म्हणून तुम्ही त्यांना वाटेला लावू शकला असतात. पण तुम्ही त्यांच्याशी कारागिरानं कारागिराशी बोलावं तसं बोललात. टाकी लोखंडी पत्र्याची, आतून काचेसारखा मुलामा. वेल्डिंगच्या आचेनं तो मुलामा जळतो आणि महिन्याभरात शेजारी दुसरं भोक पडतं. अण्णांनी मान डोलावली. त्यांच्या वयाच्या माणसाला कुणी कारण सांगत नाही, नुसतं 'नाही' सांगतात. तुम्ही कारण सांगितलंत, हे ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

जुना गिझर उतरवून तुम्ही बाल्कनीत वर्तमानपत्रावर उघडलात. तो वेळ तुमच्या कामाच्या पैशांत धरलेला नव्हता. कॉइल बाहेर काढली तर ती दिसेचना, तिच्यावर पांढऱ्या-पिवळ्या क्षाराचं जाड कवच. टाकी तिरकी केल्यावर खालून दोन ओंजळी खपल्या निघाल्या. आणि मग तुम्ही एक वीतभर वाकडी तार माझ्या हातात ठेवलीत. हा मॅग्नेशियमचा रॉड. नवा असताना बोटाएवढा जाड असतो. टाकीचं लोखंड गंजण्याऐवजी हा झिजतो, हेच त्याचं काम. हा संपला की गंज टाकीला लागतो. पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमच्यासारख्या सोसायट्यांत महापालिकेच्या पाण्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळलेलं असतं. अशा जड पाण्यात हा रॉड वर्षा-दोन वर्षांनी बघायचा आणि संपत आला की बदलायचा. इतकी वर्षं आमच्याकडे गिझर दुरुस्तीला माणसं आली, पण त्यांतल्या एकानंही हा रॉड असतो असं सुद्धा सांगितलं नव्हतं.

नवा गिझर घेतानाही तुमचंच ऐकलं. माझ्या डोक्यात पुन्हा २५ लिटरच होता. तुम्ही विचारलंत, शॉवर कोण घेतं? कुणीच नाही, आमच्याकडे सगळ्या बादलीच्या अंघोळी. मग १५ लिटर पुरे. ६० अंशांवर तापलेल्या १५ लिटरमध्ये गार पाणी मिसळलं की अंघोळीजोगं ३०-३५ लिटर होतं, आणि दोन किलोवॅटच्या कॉइलनं पुढचं पाणी वीसेक मिनिटांत तयार. मोठ्या गिझरवर दुकानदाराकडून तुम्हाला चार पैसे जास्त सुटले असते, हे मला कळतं. आमच्या ह्यांनी गॅस गिझरचा विषय काढला तेव्हा तर तुम्ही बाथरूमची खिडकी बघून तिथेच 'नाही' म्हणालात. बंद बाथरूममध्ये गॅस जळला की हवा कमी पडते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आतल्या आत बेशुद्ध होतो. पेपरात अशा बातम्या दर हिवाळ्यात वाचूनही आमच्या घरी हा विषय निघालाच होता.

आणि मग ती संध्याकाळ. भोकं पाडायच्या आधी तुम्ही पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब काढलात. सॉकेटच्या फेजला आणि न्यूट्रलला वायरी लावल्या, बल्ब लख्ख पेटला. न्यूट्रलची वायर काढून वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या अर्थला, लावलीत. बल्ब पेटला नाही. वायर घट्ट दाबून पुन्हा बघितलंत. नाहीच. बोर्ड खोलला तर हिरवी वायर जागेवर होती, पिनेला नीट आवळलेली होती. मला वाटलं, मग झालं तर. तुम्ही मात्र टॉर्च घेऊन खाली मीटररूममध्ये गेलात आणि तिथून पार्किंगच्या मागे. वर आलात ते हात मातीनं भरलेले. आमची इमारत १९९१ सालची. तिच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरणारी पट्टी जमिनीलगत गंजून तुटली होती. म्हणजे घराघरांत हिरवी वायर होती, तीन पिनांची सॉकेटं होती, आणि ती सगळी कुठेच जोडलेली नव्हती.

आम्ही म्हणालो, दिवाळी होऊ दे, आत्ता गिझर लावून टाका. पाहुणे यायचे आहेत. लहान मुलं आहेत. तेव्हा तुम्ही जे समजावलंत ते मी इथे माझ्या शब्दांत लिहून ठेवते. गिझर नऊ अँपिअरच्या आसपास वीज घेतो, त्याचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच, १६ किंवा २० अँपिअरचा. माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा लहानसा भागही पुरतो. म्हणजे कॉइलला चीर पडून करंट पाण्यात उतरला, तर एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी अर्थिंग हवं आणि जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे थोडासा करंट गळाला तरी वीज तोडणारा स्विच हवा. आमचे हे लगेच म्हणाले, मग आरसीसीबी तेवढा आजच लावू या. त्यावर तुम्ही सांगितलंत ते ऐकून मात्र सगळे गप्प झाले. सगळ्या घरांच्या हिरव्या वायरी खाली एकत्र बांधलेल्या आहेत आणि पुढे तुटलेल्या आहेत. वरच्या मजल्यावर कुणाच्या फ्रिजमध्ये करंट उतरला, तर तो जमिनीत जायच्या ऐवजी त्याच हिरव्या वायरीतून आमच्या गिझरच्या अंगावर येईल, आणि आमच्या घरातल्या आरसीसीबीला तो दिसणारही नाही.

निघताना आणखी एक सांगितलंत. बादलीत टाकायचा रॉड माळ्यावरून काढू नका, तोही याच सॉकेटला लागणार. ते तुम्ही सांगितलं नसतंत तर नरक चतुर्दशीच्या पहाटे आम्ही नेमकं तेच केलं असतं. प्रत्येक घरात गिझर बिघडला की तेच करतात.

पहिली अंघोळ गॅसच्या शेगडीवर दोन मोठी पातेली चढवून झाली. उटणं लागलं, मुलांना ओवाळलं, चिराटंही फुटलं. कुणाचं काही अडलं नाही.

पुढचं काम खरं म्हणजे तुमचं नव्हतं. खड्ड्याचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, मी प्लंबिंगचा माणूस, त्यात हात घालणार नाही, असं तुम्ही स्वच्छ सांगितलंत. तरी सोसायटीच्या सेक्रेटरींना समजवायला तुम्ही स्वतः थांबलात, तो बल्ब घेऊन त्यांच्याच घरात गेलात आणि त्यांच्याच सॉकेटवर दाखवलंत. मी मीटिंगमध्ये तासभर बोलूनही जे झालं नसतं, ते त्या न पेटलेल्या बल्बनं केलं. भाऊबीज झाल्याबरोबर खड्डा नव्यानं खणला, पाईप, कोळसा, मीठ घालून भरला, नवी पट्टी टाकली. तुम्ही पुन्हा आलात तेव्हा बल्ब दोन्हीकडे सारखाच पेटला. अण्णा खुर्ची घेऊन बाथरूमच्या दाराशी बसले होते, त्यांनी टाळी वाजवली.

मग तुम्ही गिझर बसवलात. फास्टनरसाठी जुनी भोकं वापरली नाहीत, बाजूला पक्की वीट शोधून नवी पाडलीत. गरम पाण्याच्या बाजूचा साधा पीव्हीसीचा तुकडा कुणीतरी कधीतरी घातला होता, तो काढून गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसीचा पाईप टाकलात. टाकी पाण्यानं भरून गरम नळातून अखंड धार येईपर्यंत बटण लावू दिलं नाहीत, कोरडी कॉइल जळते म्हणून. थर्मोस्टॅट ५५वर ठेवलात, जास्त तापवलं की क्षार जास्त बसतो. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण माझ्या हातानं दाबायला लावलंत आणि दर महिन्याला दाबा म्हणालात. ते आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला लिहून ठेवलं आहे.

वसुबारसेच्या फेरीचे तुम्ही पैसेच घेतले नाहीत, "काम तर झालंच नाही" म्हणालात. दादा, माझ्या मते खरं काम त्याच दिवशी झालं. एवढ्या गडबडीत, गिऱ्हाईक तोंड पाडून बसलेलं असताना, हातातलं काम थांबवायला धीर लागतो. दुसऱ्या कुणाला बोलावून त्याच संध्याकाळी गिझर लावून घेऊ, असंही आमच्यापैकी एक जण तुमच्यासमोर बोलून गेलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. शांतपणे म्हणालात, "बोलवा, पण त्याला आधी हा बल्ब लावून बघायला सांगा." ते वाक्य मला फार लागलं आणि फार आवडलंही.

त्या फेरीचे पैसे मी पाकिटात वेगळे ठेवले आहेत. रॉड बघायला पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला यायचं तुम्ही कबूल केलं आहे, तेव्हा ते मुकाट्यानं घ्यायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनाही त्यांचा गिझर उघडून बघायचा आहे, त्यांच्याकडचा आमच्यापेक्षा जुना आहे. त्यांना मी सांगून ठेवलंय, तोपर्यंत बटण लावून गिझर तापवायचा, बटण बंद करून प्लग काढायचा आणि मगच अंघोळीला जायचं. बरोबर सांगितलं ना? चुकलं असेल तर फोन करा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची काकू