गाडी विकायचं नंतर बघू, आधी मेकॅनिक शोध

प्रिय मनू,

काल फोनवर तू घाईत होतीस म्हणून लिहितेय, सावकाश वाच. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी भलीमोठी यादी हातात दिली म्हणून गाडीच विकून टाकते म्हणालीस. अगं, यादी मी नीट वाचली, चांगली चालणारी गाडी टाकून द्यावी असं त्यात काहीच नाहीये. गाडी जुनी आहे, रबर आणि प्लास्टिकची कामं आता निघतच राहणार. तुला आत्ता गरज आहे ती स्वतःचं गॅरेज असलेल्या, स्वतः गाडीखाली जाऊन बघणाऱ्या एका चांगल्या मेकॅनिकची.

त्या यादीत मला काय खटकलं सांगू? सगळं एकाच ओळीत, एकाच वजनाने लिहिलंय. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, चार शॉकअप, एसी गॅस, आणि मग कुठेतरी खाली टायमिंग बेल्ट. मला खरंच राग आला हे बघून. इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारा हा टायमिंग बेल्ट रबराचा असतो, तो किलोमीटरने झिजतो तसा वयानेही कडक होतो, आणि तुटताना बहुतेक वेळा आधी आवाजही करत नाही. बऱ्याच इंजिनांत चालू गाडीत बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि अख्खं हेड खोलायला लागतं. मग मात्र गाडी विकायची वेळ खरंच येते. मॅन्युअलमध्ये बेल्टसाठी किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, अनेक गाड्यांना साधारण १ लाख किलोमीटरच्या आसपास, जे आधी पूर्ण होईल ते धरायचं. तुझी गाडी कमी चालते म्हणून किलोमीटर भरले नसतील पण वर्षं कधीच उलटलीत. आणि इंजिन फ्लश, म्हणजे केमिकल घालून इंजिन आतून धुणं? ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनाला त्याची गरज नसते, उलट जुन्या इंजिनात साचलेला गाळ एकदम सुटून ऑइलच्या जाळीत अडकू शकतो.

म्हणून मी चांगला मेकॅनिक ओळखते तो यावरून, की तो यादीची तीन भागांत फोड करून देतो. हे आत्ता कर, हे पुढच्या सर्व्हिसला बघू, आणि हे करूच नको. तिसरा भाग ज्याच्याकडे असतो तो माणूस धरून ठेवायचा. कारण ‘करू नको’ म्हणताना त्याचे स्वतःचे पैसे जातात.

पण स्वस्त सांगतो म्हणजे प्रामाणिक असंही समजू नकोस. बेल्ट बदलताना तो म्हणाला की बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही टाकून घेऊ, तर लगेच संशय घेऊ नको. बऱ्याच इंजिनांत पंप त्याच बेल्टवर फिरतो, तिथपर्यंत पोचायची मजुरी एकदाच लागते, आणि सहा महिन्यांनी पंप गळला तर तेच सगळं परत खोलायचं. क्लचचंही तसंच, गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलतात. जो नुसती प्लेट टाकून बिल कमी करतो तो तुझं भलं करत नाहीये.

आणि अजून एक, याकडे लोक लक्षच देत नाहीत. माणूस मनाने एकदम सरळ असतो पण बिघाड शोधता येत नाही म्हणून अंदाजाने पार्ट बदलत जातो. हे बदलून बघू, नाही झालं तर ते बदलू. फसवायचा हेतू नसतो पण पैसे तुझेच जातात. चेक इंजिनचा दिवा लागला की हे हमखास दिसतं. स्कॅनर लावला, समजा पी ०४२० कोड आला, लगेच म्हणणार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गाडीचा धूर स्वच्छ करणारा पार्ट) गेला, बदला. तो पार्ट सगळ्यात महागांपैकी एक! कोड फक्त एवढंच सांगतो की कन्व्हर्टर अपेक्षेएवढं काम करताना दिसत नाहीये, त्यामागे ऑक्सिजन सेन्सर असू शकतो, सायलेन्सरच्या पाइपला लीक असू शकतो, इंजिन ऑइल जाळत असेल. ताप आला हे थर्मामीटर सांगतं, कशाने आला ते डॉक्टरनेच शोधायचं, तसंच आहे हे. म्हणून सरळ विचार, ‘हाच पार्ट गेलाय हे तुम्ही कशावरून ठरवलंत?’ चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट तो तुला गाडीपाशी नेऊन दाखवतो. तपासणीसाठी तो वेगळे पैसे मागत असेल तर खुशाल दे, बिघाड नेमका शोधणं हेच तर त्याचं खरं काम आहे.

आता शोधायचा कसा. ऑनलाइन स्टार बघून जाऊ नको, निदान तेवढ्यावर तरी नको. तुझ्याच मॉडेलची जुनी गाडी अजून वापरणाऱ्यांना विचार, आणि दिवसभर गाडी चालवून पोट भरणाऱ्या ड्रायव्हर लोकांना विचार, त्यांची गाडी उभी राहिली की कमाई बंद म्हणून ते वाईट मेकॅनिककडे दुसऱ्यांदा जात नाहीत. अजून एक जागा म्हणजे स्पेअर पार्टचं दुकान. काउंटरवरच्या माणसाला माहीत असतं कोण चांगल्या कंपनीचा पार्ट नेतो, कोण कायम सगळ्यात हलका मागतो आणि कोण चुकीचे पार्ट नेऊन सारखा बदलायला येतो. गॅरेजमध्ये पोचलीस की बाहेर उभ्या गाड्या बघ. तुझ्यासारख्या गाड्या येत-जात असतील तर छान, पण त्याच धूळ खात पडलेल्या, बॉनेट उघड्या गाड्या प्रत्येक वेळी दिसल्या तर काम पूर्ण होत नाहीये असं समज. जागा चकाचक नसली तरी चालेल गं, हत्यारं जागेवर असली आणि खोललेले नट-बोल्ट वाटीत नीट ठेवलेले असले की पुरे.

पहिल्यांदाच टायमिंग बेल्टचं काम देऊ नकोस मात्र. आधी लहान काम दे, ऑइल-फिल्टर किंवा ब्रेक तपासणी, आणि शक्य असेल तर तिथेच थांब. ब्रेक पॅड किती मिलिमीटर राहिलेत हे तो आकड्यात सांगतो का बघ, साधारण ३ मिलिमीटरच्या खाली गेले की बदलायचेच, ६-७ असतील आणि तरी बदला म्हणाला तर कारण विचार. डिस्क बदलायला सांगितली तर तिच्यावर किंवा मॅन्युअलमध्ये किमान जाडी लिहिलेली असते, ती मोजून दाखवा म्हण. ब्रेक ऑइल मात्र बदलूनच घे, यादीतली ती गोष्ट बरोबर होती. ते हवेतला ओलावा शोषतं, डॉट ४ ग्रेडच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की ते उकळून पेडल खाली जातं. साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. त्यात चालढकल नको बाळा, प्लीज.

चार शॉकअपचं तर मला अजिबात पटलं नाही. खड्ड्यात खडखड येते म्हणालीस ना, ती बऱ्याचदा सस्पेन्शनच्या लहान पार्टची, लिंक रॉड किंवा लोअर आर्मच्या रबरी बुशची असते, शॉकअपच्या मानाने किरकोळ. मेकॅनिक तुझ्याबरोबर गाडी चालवून तो आवाज स्वतः ऐकतो का, मग गाडी वर घेऊन चाक हलवून बघतो का, यावरून बरंच कळतं. न ऐकताच सांगणाऱ्याचं ऐकू नको. एसीचंही, नुसता गॅस भरून देणारा नको, गॅस गेला म्हणजे कुठेतरी लीक आहे, तो आधी शोधायला हवा.

काम सांगताना तू पार्टचं नाव घेऊ नकोस, त्रास सांग. ‘क्लच बदला’ म्हटलंस तर ते क्लच बदलून देतील आणि त्रास तसाच राहील. थंड इंजिनाला होतं की गरम झाल्यावर, वळताना की सरळ जाताना, ब्रेक दाबल्यावर की नाही, हे आधी कागदावर लिहून ने. एस्टिमेट लेखी घे, पार्ट आणि मजुरी वेगळी, पार्ट ओरिजिनल की दुसऱ्या कंपनीचा तेही लिहून. ‘त्यापलीकडे काही निघालं तर आधी मला फोन, मग काम’, हे त्याच्याशी पहिल्याच दिवशी बोलून घे. आणि जुने पार्ट परत माग, घरी आणायचे नसले तरी माग. नवीन पार्टचं खोकं आणि जुना पार्ट शेजारी ठेवून दाखवणारा माणूस भेटला तर बाबा म्हणतात तसं, नंबर सेव्ह कर.

रिकॉल असेल, म्हणजे कंपनीनेच दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्या असतील, किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं काम असेल तर सर्व्हिस सेंटरलाच जा, ते इतरांना जमत नाही, त्यात वाद नाही.

आणि हा मेकॅनिक जर कधी म्हणाला की चॅसीला खालून गंज लागलाय, आता या गाडीवर खर्च करू नका, तर त्याचं ऐक. तेव्हा विकू.

बेल्ट होईपर्यंत लांबचा प्रवास नको, जवळपास चालव. आणि गॅरेजला सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी जाऊ नकोस, तेव्हा सगळ्यांना गाडी हातात हवी असते आणि त्याला तुझ्याशी बोलायला वेळ नसतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा.

तुझी,
आई