कुमारकथेतला दोर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांच्या किशोर विभागात आणि शालेय कथास्पर्धांत एक प्रसंग हमखास येतो. पावसाळ्यात मित्र डोहात पडतो, नायक मागचापुढचा विचार न करता उडी घेतो, मित्राला काठाला लावतो आणि स्वतः वाहून जातो. मग शाळेत शोकसभा. मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभेच्या काठावर वाढणारी मुले हे वाचतात, म्हणून त्यातल्या चुका सांगायलाच हव्यात.

बुडणारा माणूस ‘वाचवा, वाचवा’ ओरडत नाही. तोंड पाण्यावर येते तेवढ्यात जेमतेम श्वास मिळतो, ओरडायला हवा उरतच नाही. हात वर हलत नाहीत, दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत राहतात. हे २० ते ६० सेकंद चालते आणि काठावरच्यांना वाटते, पोरगा खेळतोय. जवळ गेलेल्याला तो मिठी मारून त्याच्या खांद्यावर चढू पाहतो. एकाच्या जागी दोघे जातात ते असे. बंधाऱ्याखाली तर पट्टीचा पोहणाराही अडकतो. वरून पडणारे पाणी तळाशी जाऊन वर येते आणि उलटे भिंतीकडे वळते, माणसाला पुन्हा धारेखाली ओढते. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे अंग नीट तरंगतही नाही.

मग कथेतल्या पोराने काय करावे? तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन घ्यावा, फेकताना वजन मिळावे म्हणून त्यात पेलाभर पाणी ठेवून झाकण घट्ट लावावे आणि मुठीला १०-१५ मीटर दोर बांधावा. कॅन बुडणाऱ्याच्या पलीकडे टाकायचा, म्हणजे दोर त्याच्या अंगावर येतो. ओढताना काठावर पालथे पडायचे, उभे राहिले की तोल जातो. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही. दोर नसेल तर साडी किंवा बांबू.

बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर डोक्यावर घेऊन गरगर फिरवणे आणि पोट दाबणे, दोन्ही घातक. पोटातले वर येऊन फुप्फुसात जाते. मान मागे करून, नाक चिमटीत धरून आधी ५ श्वास तोंडाने द्यायचे. मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, हे चक्र चालू ठेवायचे. मोठ्या माणसाची छाती ५ सेंटिमीटर खाली जावी, वेग मिनिटाला १०० ते १२०. तोवर दुसऱ्याने १०८ला फोन लावायचा. कॅनची पहिली फेक चुकते, भिजलेला दोर गोळा करून पुन्हा फेकेपर्यंत ते २० ते ६० सेकंद संपत येतात. थरार लिहायचा तर तो इथे आहे.

आत्मत्याग कथेत नकोच, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ‘द हंगर गेम्स’ या इंग्रजी कादंबरीत (२००८) चिठ्ठी काढून मुलांना एकमेकांना मारायच्या खेळात पाठवतात. १६ वर्षांची कॅटनिस तिथे १२ वर्षांच्या बहिणीच्या जागी उभी राहते, ते मनाला भिडते, कारण त्यामागे हिशेब आहे. वर्षभराच्या धान्यतेलाच्या बदल्यात मुलाच्या नावाच्या चिठ्ठ्या वाढत जातात. कॅटनिसच्या २०, बहिणीची एकच, आणि निघते नेमकी तीच. पुढे रानात पाणी सापडल्यावरही कॅटनिस आयोडीन टाकून अर्धा तास थांबते, मगच पिते. तिला जगायचे आहे, हे वाचकाला अशा तपशिलातून कळते.

आपला अभिमन्यूही मरायला गेला नव्हता. बाहेर पडायची वाट ठाऊक नाही, हे त्याने आधीच सांगितले होते. तू व्यूह फोड, आम्ही पाठोपाठ येतो, असा शब्द थोरल्यांनी दिला आणि जयद्रथाने त्यांनाच दाराशी अडवले. या गोष्टीतली थोरल्यांची चूक आपण मुलांना सांगतच नाही, नुसते शौर्य सांगतो.

थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूरची साहित्य संमेलने भरतील. तिथे वाचायला कुमारकथा लिहिणाऱ्यांनी आणि स्पर्धांच्या परीक्षकांनी उडीचा प्रसंग आला की एवढे विचारावे: काठावर दोर का नव्हता, आणि मोठी माणसे कुठे होती?

आपले,
काही शिक्षक व ग्रंथालय कार्यकर्ते,
खानापूर तालुका, जि. बेळगाव