वीज सांगून येते

वरूड तालुका, जि. अमरावती
मृगाचा पहिला आठवडा

प्रिय मित्रा,

तुझा निरोप पोचला. तिकडे त्सुयू, म्हणजे जपानचा पावसाळा लागला, कपाटातल्या कोटावर पुन्हा बुरशी धरली आणि वहिनी दिवसरात्र डीह्युमिडिफायर चालू ठेवून आहेत, हे वाचून टोकियोतल्या निशी-कासाईच्या बाल्कनीतलं ते कधीच न वाळणारं धुणं डोळ्यांपुढे आलं. मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता तिला अंगणातल्या मुंग्याही दिसतात. माझी रजा जुलैअखेरपर्यंत आहे. फोनच केला असता, पण वादळापासून लाइन नाही, टॉवर मध्येच येतो मध्येच जातो, आणि जे सांगायचं आहे ते असं तुटक बोलून सांगून होणार नाही. वरूडला गेलो की या कागदांचे फोटो काढून तुला पाठवीन.

यंदाच्या नवतप्याचं तू विचारलंस. तापला, जसा तापतो तसा. सकाळी दहानंतर गल्लीत माणूस नाही. कूलरच्या ताट्या ओल्या ठेवायच्या आणि आडवं व्हायचं. पन्हं, ताक, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. टोकियोतले ३५ अंश आपल्या ४५ पेक्षा अंगाला जड जातात, हे मी इथे सांगतो तर कोणाला पटत नाही. दादा म्हणाला, "काहीबाही नको सांगू." मग त्याच्यासमोर थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळून दाखवलं. बाहेर ४५ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के, तर ते ओलं थर्मामीटर २४ च्या आसपास येऊन थांबतं. तुमच्याकडे ऑगस्टमध्ये ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असली की ते २८ च्या खाली उतरत नाही, हे कागदावर मांडून दाखवलं. घाम वाळून अंग किती निवेल, ते या ओल्या थर्मामीटरवर ठरतं. आपला कूलरही त्याच हिशोबाने चालतो, म्हणून तो मे महिन्यात देवासारखा वाटतो आणि पहिला पाऊस पडला की नुसता दमटपणा खोलीत भरतो.

मला मे महिन्यापेक्षा मृगाची भीती जास्त वाटते. पाऊस येतो, पारा ४५ वरून ३६ वर येतो, पेपरात "दिलासा" छापून येतो, आणि त्याच दिवसांत पेरणीची घाई सुरू होते. मे महिन्यात दुपारी घरात थांबणारी माणसं जूनच्या त्या उकाड्यात भर बाराला वावरात वाकलेली असतात. जपानने २०२१ पासून देशभर उष्माघाताचा इशारा द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यात आर्द्रता, ऊन, वारा सगळं धरलं. आपल्याकडे बोलणं अजून पाऱ्याचंच चालतं. टोकियोत उन्हाळ्यात जे म्हातारे जातात, त्यांतले कितीतरी घरात, एसी बंद ठेवून बसलेले असतात. इथे ज्यांच्या घरात एसीच नाही त्यांनी कुठे जावं, याचा विचार कोणीतरी करायला हवा.

पण हे पत्र मी उन्हासाठी लिहायला घेतलं नाही.

वादळ आलं ते दुपारी चारच्या सुमाराला. दिवसभर वारा पडलेला. मग सातपुड्याच्या बाजूने काळं भरून आलं आणि पाहता पाहता धुळीचा लोट गावावर आला. आमच्या कोठ्याची टिनं उडून धुऱ्यापलीकडे पडली. बोराएवढ्या गारा पडल्या, पण थोडा वेळ. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट लोक अजून काढतात, तशी ही नव्हती. आंबिया बहाराची हिरवी फळं बागेत पसरली होती, काही कलमा मुळासकट आडव्या झाल्या, डीपीजवळचे पोल वाकले. दादाने बागेत एक चक्कर मारली आणि काही न बोलता हातपाय धुवून बसला. हे सगळं पुन्हा उभं राहील.

शेजारच्या शिवारात मात्र काडीकचरा वेचायला रोजाने आलेल्या बाया होत्या. पाऊस आल्यावर त्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली गेल्या आणि त्याच झाडावर वीज पडली. एक बाई जागीच गेली. दोघी भाजल्या, त्या दवाखान्यात आहेत. गेलेल्या बाईचा मुलगा दहावीत आहे. वीज पडून मृत्यू झाला की शासनाकडून वारसांना ४ लाख रुपये मिळतात, त्याचे कागद तलाठ्याकडे गेलेत. सगळ्यात जास्त मला हे लागलं की ती पडली तेव्हा बराच वेळ तिला कोणी हात लावला नाही. अंगात करंट असेल, हात लावला तर आपल्यालाही झटका बसेल, असं सगळ्यांना वाटलं. अरे, वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. हृदय थांबलेलं असतं, आणि लगेच छाती दाबायला घेतली तर काही माणसं वाचतात. हे गावात एकालाही माहीत नव्हतं. ती वाचली असती की नाही, ते कोणी सांगू शकत नाही.

रात्री माय म्हणाली, "ईज काही सांगून येते काय रे बापा?"

हा प्रश्न ऐकल्यापासून मला झोप लागत नाही. कारण ती सांगून येते. त्या दिवशीही सांगून आली होती. पहिला गडगडाट झाला आणि झाडावर वीज पडली, यांच्यामध्ये चांगला अर्धा तास गेला होता. वीज चमकली की मोजायला लागायचं. आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढ्या अंतरावरून ती आपल्यापर्यंत पोचू शकते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप तर २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठे पडतेय ते मोबाइलवर दाखवतं. ते ॲप त्या वावराच्या मालकाच्या फोनमध्येही होतं. भारतात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं विजेने मरतात, आणि त्यांतली बहुतेक अशीच असतात, वावरात काम करणारी, झाडाखाली आडोशाला गेलेली.

मग त्या बाया निघाल्या का नाहीत? मी दवाखान्यात त्या दोघींना भेटलो. त्यातली मोठी, साठीची असेल, ती म्हणाली, "निघालो असतो तर रोज कापला असता भाऊ. अन् जायाचं कुठं?"

तिच्या या दोन वाक्यांनी मला एडोगावा, टोकियोतला आपला वॉर्ड आठवला. तो मे २०१९ चा पुराचा नकाशा आठव, जो वॉर्डाने घरोघर वाटला. मुखपृष्ठावरच लिहिलं होतं की इथे राहून चालणार नाही. वॉर्डाची ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि आराकावा नदी फुटली तर काही भागांत आठवडा-दोन आठवडे पाणी ओसरणार नाही, हे त्यांनी स्वतःच्या नागरिकांना छापून सांगितलं. तेव्हा तू रागावला होतास की असं कोणी घाबरवतं का. आणि ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं. १२ तारखेला हाकोनेला एका दिवसात ९२२.५ मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या तालुक्यात जवळपास अख्ख्या पावसाळ्यात पडतो तेवढा. आपण शाळेच्या इमारतीत गेलो, तुझी लेक माझ्या खांद्यावर झोपली होती. आराकावा फुटली नाही. पण चिकुमा नदी फुटली, नागानोच्या सफरचंदाच्या बागा चिखलात गेल्या, शिनकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या १० गाड्या उभ्या जागी पाण्यात बुडाल्या. तरी त्या दिवशी टोकियोत कामावर जावं की नाही, हा प्रश्न कोणाला एकट्याने सोडवावा लागला नाही. गाड्या बंद राहणार हे रेल्वेने आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं, दुकानं बंद, कारखाने बंद. कोणाच्या पगाराची गोष्ट कोणाच्या हिमतीवर सोडलेली नव्हती.

मित्रा, मला हेच इथे आणायचं आहे. जपानची यंत्रं इथे आणता येणार नाहीत आणि त्यांची गरजही नाही. इशारा इथे पोचतो. त्याच्यापुढे काय करायचं, कुठे जायचं आणि तो वेळ कोणाच्या खिशातून जाणार, हे आधीच ठरलेलं नसतं. थांबायचा निर्णय दिवसाच्या रोजावर आलेल्या बाईच्या डोक्यावर टाकला की ती थांबणारच नाही. कोणीही थांबणार नाही.

परवा ग्रामपंचायतीत बसलो. सरपंचबाई, शाळेचे गुरुजी, दोघे-तिघे कास्तकार, आणि मी आग्रह धरला म्हणून रोजाने जाणाऱ्या बायाही. पहिलं ठरलं ते असं की गडगडाट ऐकला की काम बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बंदच. त्या वेळाचा रोज कापायचा नाही. यावर खूप वाद झाला. एक जण म्हणाला, मृगात तर रोजच गडगडतं, मग पेरणी कधी व्हायची? त्याचं म्हणणं खोटं नाही. पेरणीचे दिवस हातातून गेले तर वर्ष जातं. पण दादाने, ज्याची अर्धी बाग आडवी झाली आहे, सगळ्यांत आधी हो म्हटलं. मग दुसऱ्यांनी म्हटलं.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दूरच्या वावरात पक्कं घर नसतं. झाड धोक्याचं, उघडी झोपडी आणि चारी बाजूंनी मोकळं टिनाचं शेड तेवढंच धोक्याचं, ट्रॅक्टरलाही वर काही नसतं. पण मजूर आणणारी बंद पत्र्याची गाडी असते. काचा वर करून तिच्यात बसलं तर वीज पत्र्यावरून जमिनीत जाते. आजवर ती गाडी बाया सोडून दुसऱ्या फेऱ्या मारायला जायची. मृगापासून पोळ्यापर्यंत ती वावराच्या तोंडाशी उभी राहील, आणि बुडालेल्या फेऱ्यांचे पैसे वावरवाले मिळून देतील, असं बोलणं झालं आहे. ऑटो याला चालत नाही, तो बाजूंनी उघडा असतो, हे गुरुजींनी फळ्यावर काढून समजावलं.

आणि भोंगा. तुला आठवतं, वॉर्डातले भोंगे रोज संध्याकाळी एक धून वाजवतात? इतकी वर्षं ती ऐकून आपण घड्याळ लावलं, पण मुळात ती भोंगे चालू आहेत की नाही याची रोजची तपासणी असते. आपल्या मंदिरावरही भोंगा आहे, काकड्याला आणि हरिपाठाला तो रोज वाजतो, म्हणजे तपासणी आपोआप होते. दामिनीवर ४० किलोमीटरवर वीज दिसली की त्यावरून गावाला सांगायचं, असं ठरलं. लाइन नसेल तर कोतवाल दवंडी देईल. त्यासाठी मोटारसायकलच्या पेट्रोलची सोय पंचायत करणार आहे.

आता तुझ्याकडून मला काय हवंय ते लिहितो.

एडोगावाच्या नकाशाची एक प्रत टपालाने पाठव. मला त्यातली मांडणी हवी आहे: कुठल्या मोहल्ल्यातून कुठल्या इमारतीत जायचं, रस्ता कुठला, कुठे जायचं नाही. आम्ही शिवाराचा असाच नकाशा काढतो आहोत. प्रत्येक वावरातून जवळचं पक्कं घर किती मिनिटांवर, कुठली विहीर, कुठलं तारेचं कुंपण टाळायचं, आणि काहीच जवळ नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसायचं, एकमेकांपासून लांब, आडवं पडायचं नाही. चित्रं सातवी-आठवीची पोरं काढतील. वहिनींनी तिथल्या शाळेत जे प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं होतं, त्यातलं छाती दाबण्याचं त्यांनी मराठीत बोलून रेकॉर्ड करून पाठवावं. बाईच्या आवाजात असलं की इथल्या बाया ऐकतील आणि विचारतील.

शाळेवर वीजरोधक बसवायचा आहे. त्याची तार जमिनीत नीट गाडली नाही तर तो असून नसल्यासारखा, म्हणून जाणत्या माणसाकडूनच काम करून घ्यायचं. अमरावतीहून दर मागवले आहेत. मी माझा वाटा देतो आहे, तूही दे, आणि कासाईतल्या आपल्या विदर्भाच्या मंडळींना विचार. गणपतीला सगळे जमतात तेव्हा सांगितलंस तरी चालेल, पण आधी सांगितलंस तर याच मृगात काम होईल.

आणि तुझ्या दर्यापूरकडे फोन कर. खारपाणपट्ट्यात तर मैलभर झाड नाही. त्या सपाट काळ्या वावरात उभा माणूसच सगळ्यांत उंच असतो. तुझ्या काकांना सांग की मजुरांची गाडी परत पाठवू नका. एवढं एकच सांगितलंस तरी पुष्कळ झालं.

लेकीला आशीर्वाद. तिला म्हणावं, दिवाळीत आलीस की तुला बागेतली संत्री तोडायला नेतो, राहिली आहेत अजून. वहिनींना नमस्कार. रेकॉर्डिंग मात्र आधी पाठवा, पुढच्या सोमवारी पंचायतीत बाया जमणार आहेत.

तुझा,
वरूडकर मित्र