नाना, तुमची वही माझ्याकडेच राहिली

आदरणीय नाना,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते, तर "राहू दे रे भो, चहा ठेव" म्हणून तुम्ही विषय मोडला असता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

भाचा अमेरिकेतून कायमचा भुसावळला परतला तेव्हा घरसामानासोबत त्याचा पेलेट ग्रिलही, म्हणजे लाकडी गोळ्यांवर भाजायची विजेवर चालणारी शेगडी, आला. फ्लॅटच्या बाल्कनीत मावेना, म्हणून माझ्या अंगणात पोचला. ऑरेगनच्या जो ट्रेगर नावाच्या माणसाने ऐंशीच्या दशकात याचं पेटंट घेतलं वगैरे इतिहास भाच्याने सांगितला, चालवायचं कसं ते मात्र दहा मिनिटांत उरकलं. पेटीत लाकडाच्या भुशाच्या गोळ्या भरा, बटन ११० अंश सेल्सिअसवर ठेवा, बाकी मशीन बघतं. मी केटरिंगवाला माणूस, मला वाटलं चुलीपुढे बसायचं सुटलं.

पहिल्याच ऑर्डरला चाळीस लेगपीस हातचे गेले. बटन ११० वर आणि आकडा ९० दाखवत होता, म्हणून मी १५० केलं. तरी हलेना, म्हणून १८०. मग एकदम आतून भडका झाला आणि आकडा २३० च्या पुढे. घाबरून खाली आणलं तर विस्तव विझत आला. रात्री आठ वाजता हॉटेलातून चिकन विकत आणून पंगत निभावली. त्या दिवशी तुम्ही कंपाउंडच्या भिंतीपलीकडून फक्त बघत होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मल्टीमीटर, पाना आणि ती लाल वही घेऊन आलात. दीपनगरच्या वीज केंद्रात मीटर-गेज सांभाळून रिटायर झालेला माणूस शेजारी राहतो, याचा अर्थ मला तेव्हा कळला.

मी म्हणालो उष्णता मोजणारा सेन्सर खराब आहे, नवा मागवतो. तुम्ही म्हणालात, "पहिले त्याले विचार तर." तो काडीएवढा सेन्सर काढून तुम्ही बर्फाच्या पाण्यात बुडवला, मीटरवर त्याचा रोध हजार ओहमच्या आसपास. मग उकळत्या पाण्यात, तेराशे ऐंशीच्या घरात. हे दोन आकडे बरोबर म्हणजे सेन्सर बरोबर. मग तुम्ही त्यावरून बोट फिरवलंत आणि ते काळंकुट्ट बोट माझ्यापुढे धरलंत. "आजारी नाही रे हा. गोधडी पांघरून बसलाय." काजळीच्या थराखाली त्याला ऊब उशिरा कळत होती. त्याला थंड वाटे म्हणून मशीन आणखी गोळ्या ढकले, आणि त्याला कळेपर्यंत आत होळी पेटलेली असे.

खरा गुन्हा मात्र माझा होता, आणि तो तुम्ही जाळी उचलून दाखवलात. लोखंडी वाटीएवढं ते जळण्याचं भांडं राखेने अर्धं भरलेलं, हवेची भोकं बुजलेली. स्वस्त पडतात म्हणून मी बॉयलरसाठी विकतात त्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, गोळ्या आणल्या होत्या. पऱ्हाटीला लाकडापेक्षा राख जास्त, आणि त्यात शेतातलं काय काय आलंय ते कुणी सांगावं. "फॅक्टरीच्या तोंडी द्यायचं ते गिऱ्हाईकाच्या तोंडी देतो का?" एवढंच बोललात, पण लागलं. आता खाण्यासाठीच्या म्हणून मिळतात त्याच लाकडी गोळ्या आणतो, आणि दर ऑर्डरआधी राख काढून सेन्सर ओल्या फडक्याने पुसतो.

पण नाना, सगळ्यात मोठं काम तुम्ही केलंत ते माझा हात धरण्याचं. अक्षरशः. साफ केल्यावर पुन्हा ११० ला लावलं, आकडा १०४ झाला, माझा हात बटनाकडे गेला आणि तुम्ही मनगट पकडलंत. घड्याळ काढून दर दोन मिनिटांनी आकडा वहीत. १०४, १०७, ११३, ११७, ११२, १०६, असे पुढे. अर्धा तास आपण दोघं नुसते बसलो होतो. मग सरासरी काढून दाखवलीत, ११० च्या जवळच. गोळी आता पडते, पेटते नंतर, आणि तिची ऊब पेटीभर पसरायला आणखी वेळ लागतो. मधल्या वेळात बटन फिरवणारा आपणच आपला झोका वाढवतो. बॉयलरवर नव्या पोराला पहिली शिकवण हीच असायची, असं तुम्ही म्हणालात. झाकणही मी दर पाच मिनिटांनी उघडायचो. तेही बंद केलंत.

जाळीभर पावाचे तुकडे मांडण्याची युक्ती तर माझी बायको अजून सगळ्यांना सांगते. उजवीकडचा मागचा कोपरा काळा, डावीकडे नुसता तांबूस. कुठे काय ठेवायचं याचा नकाशाच मिळाला. आणि चिकनच्या पोटात तापमापकाची काडी खुपसून ७४ अंश पाहिल्याशिवाय उतरवायचं नाही, बाहेरचा आकडा काही का म्हणेना. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडून पंखा मंदावतो, हेही तुम्हीच पकडलंत. मशीन अमेरिकेचं, १२० व्होल्टचं, ट्रान्सफॉर्मरवर चालणारं. आता आधी स्टॅबिलायझर आहे, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर.

एका बाबतीत तुम्ही हटला नाहीत. बामणोदच्या वांग्यांचं भरीत यात करू का, विचारलं तर म्हणालात, "वांग्याले जाळ पायजे, गरम खोली नको." तरी मी चोरून चार वांगी २३० वर ठेवून पाहिली. शिजली, सुरकुतली, पण तो करपलेल्या सालीचा वास नाही आला. भरीत कुटायच्या लाकडी बडगीत कुटलं तरी नाही.

तर येत्या रविवारी मळ्यात पार्टी आहे. भरीत पऱ्हाट्यांवरच, कळण्याची भाकरी, आणि शेजारी पत्र्याचा आडोसा करून ग्रिलवर चिकन. थंडीचं वारं लागलं की गोळ्या जास्त खातो, तेवढं मी शिकलोय. तुमची लाल वही माझ्याकडेच आहे. तुमच्या आकड्यांखाली मी माझे नऊ ऑर्डरचे लिहिलेत. मधल्या एका पानावर काकूंनी सांगितलेली किराण्याची यादी आहे, अर्धा किलो शेंगदाणे आणि हिंग. ते तेव्हा आणायचं राहिलं असेल तर घेऊन येतो.

तुमचा,
भिंतीअलीकडचा केटरिंगवाला